दुःख तेच, ठेका नवा

ऑक्टोबर 1998मध्ये ‘बिलीव्ह’ हे गाणे ब्रिटनमध्ये बाजारात आले, तेव्हा ते गाणारी शेर 52 वर्षांची होती. पॉप संगीताच्या धंद्यात हे वय जुन्या गाण्यांचे संग्रह काढण्याचे मानले जाते. नवे काही करून दाखवण्याची अपेक्षा या वयाच्या गायिकेकडून कोणी ठेवत नाही. या गाण्याने मात्र आल्या आल्या ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला आणि सात आठवडे तो सोडला नाही. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेले सिंगल तेच ठरले. मार्च 1999मध्ये ते अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीतही अव्वल आले. तिथे शेरचे याआधीचे अव्वल गाणे होते 1974चे ‘डार्क लेडी’. मधे तब्बल पंचवीस वर्षे गेली होती.

खपापेक्षा कुतूहलाची गोष्ट वेगळीच आहे. संथ, नाट्यमय आणि गिटारच्या साथीच्या गाण्यांसाठी ओळखली जाणारी ही गायिका एकदम क्लबात वाजणाऱ्या, पाय थिरकवणाऱ्या संगीताकडे वळली. असे वळण घेतलेल्या गायकावर ‘सोपा रस्ता धरला’ असा शिक्का लगेच बसतो. पण गाणे नाचायचे करायचे म्हणजे नेमके काय करायचे? त्यात काय बदलते, काय टिकते, आणि सगळ्याच गायकांना ते का साधत नाही? ‘बिलीव्ह’ हे गाणे उलगडून पाहिले की या प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी हाती लागतात.

पहिला प्रयोग

शेरचा जन्म 1946चा, कॅलिफोर्नियातला. 1965मध्ये सनी बोनो या आपल्या जोडीदाराबरोबर गायलेल्या ‘आय गॉट यू बेब’ने ती घराघरांत पोहोचली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या जोडीचा टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम गाजत होता आणि शेरची एकटीची गाणीही यादीत वर चढत होती. ही गाणी बहुतेक गोष्ट सांगणारी असत. एखादी फिरस्ती मुलगी किंवा भविष्य सांगणारी बाई त्यात असे आणि शेवटी काहीतरी विपरीत घडे. शेरचा आवाज खर्जाकडे झुकणारा, भरदार. अशा कथनाला तो शोभून दिसे.

नाचाच्या संगीताशी तिची पहिली गाठ पडली ती 1979मध्ये. डिस्कोची लाट तेव्हा ऐन भरात होती. डॉना समर जिच्याकडे गात होती त्या ‘कॅसाब्लांका’ कंपनीसाठी शेरने ‘टेक मी होम’ हे डिस्को गाणे गायले. अमेरिकेच्या यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षी आलेला तिचा पुढचा अल्बम मात्र आपटला.

आणि त्याच उन्हाळ्यात डिस्कोवरच संक्रांत आली. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांची पेटी मैदानात स्फोटाने उडवली. प्रेक्षक मैदानात घुसले, खेळपट्टीची नासधूस झाली आणि दुसरा सामना यजमान संघाला गमवावा लागला. हा वरवर दंगामस्तीचा प्रकार वाटेल. पण डिस्को वाढला होता तो न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत. त्यामुळे त्या रागाच्या मुळाशी नुसती संगीताची नावड नव्हती, असे अनेक अभ्यासकांनी पुढे लिहिले. रेडिओवाल्यांनी डिस्कोपासून अंग काढून घेतले. शेर रॉककडे वळली, मग सिनेमाकडे. ‘मूनस्ट्रक’मधल्या भूमिकेसाठी तिला 1988मध्ये ऑस्कर मिळाले. 1989मध्ये ‘इफ आय कुड टर्न बॅक टाइम’ या रॉक गाण्याने ती पुन्हा गायिका म्हणून तळपली.

डिस्को मात्र मेला नव्हता. तो अमेरिकी रेडिओवरून उठून इतरत्र गेला होता. मूळचे बंगळुरूचे, लंडनमध्ये ‘कुंग फू फायटिंग’सारखी गाणी घडवणारे बिद्दू यांनी 1980मध्ये ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतले आणि मुंबईच्या सिनेमात डिस्कोने बस्तान मांडले. ज्या शिकागोत तबकड्या फोडल्या, त्याच शहराच्या ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोचे तुकडे यंत्राच्या ठोक्यांशी जोडत होता. त्यातून ‘हाउस’ संगीत जन्माला आले. ते युरोपात गेले आणि नव्वदच्या दशकात लंडनच्या पॉप संगीताचा कणा बनले. शेरला दुसऱ्यांदा नाचाकडे खेचणारी वाट ही अशी आली.

प्रत्येक मात्रेवर ठोका

या संगीताचा पाया समजायला सोपा आहे. चार मात्रांच्या आवर्तनात चारही मात्रांवर मोठ्या ड्रमचा सारखाच, जड ठोका पडतो. सत्तरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या वादकाने ही चाल रूढ केली असे मानतात. दोन ठोक्यांच्या बरोबर मधे झांजेचा हलका ‘चिक्’ येतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. एवढ्या सामग्रीवर अर्धशतकाचे नाचाचे संगीत उभे आहे.

आपल्या कानांना यात एक गोष्ट लगेच खटकते. केहेरव्यात धा कुठे येतो आणि खाली कुठे, हे ऐकणाऱ्याला जाणवत राहते. त्या चढउतारामुळे ताल झुलतो. इथे खाली नाहीच. सगळे ठोके एका वजनाचे. संगीत म्हणून हे गरीब वाटते, पण त्यामागे हिशोब आहे. नाचणाऱ्या गर्दीला सम शोधायची गरज पडत नाही. कोणीही, कुठल्याही क्षणी त्यात शिरू शकतो.

दुसरा हिशोब डीजेचा. क्लबात रात्रभर गाणी सुटी सुटी वाजत नाहीत. एक संपता संपता दुसरे त्यात मिसळते. त्यासाठी दोन्ही गाण्यांची लय जुळावी लागते. त्या काळी क्लबाक्लबात ‘टेक्निक्स’चे जे टर्नटेबल असे, त्यावर तबकडीचा वेग आठ टक्के कमीजास्त करता येई. ‘बिलीव्ह’ची लय मिनिटाला 133 ठोक्यांची आहे. म्हणजे डीजे ते गाणे साधारण 122पासून 144पर्यंत कुठल्याही लयीच्या गाण्याला जोडू शकतो. त्या वेळच्या क्लबांतली बहुतेक गाणी याच पट्ट्यात असत. लय ठरवताना गायिकेला काय शोभते एवढेच पाहून भागत नाही. आधी आणि नंतर काय वाजणार आहे, तेही पाहावे लागते.

गायकाच्या दृष्टीने खरी अडचण इथूनच सुरू होते. संथ गाण्यात तो शब्द ओढू शकतो, थांबू शकतो, लयीच्या किंचित मागे राहून दुःख गडद करू शकतो. मिनिटाला 133 ठोक्यांच्या वेगात दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. चार मिनिटांच्या गाण्यात असे सव्वापाचशेच्या आसपास ठोके पडतात आणि एकही गायकासाठी थांबत नाही. भाव दाखवण्याच्या त्याच्या नेहमीच्या जागा निघून जातात. मग उरते काय? स्वराचा पोत, शब्दाची फेक आणि चालीचा चढ. ज्याच्या आवाजाला स्वतःचा ठसा नाही तो गायक या ठोक्यांत वाहून जातो. शेरचा आवाज दोन शब्दांत ओळखू येतो, ही तिची सर्वांत मोठी पुंजी होती.

सहा गीतकारांचे एक गाणे

नाचाचा अल्बम करावा ही कल्पना शेरची नव्हती. वॉर्नर म्युझिकच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख रॉब डिकिन्स यांनी ती मांडली. शेरचा समलिंगी चाहतावर्ग मोठा आणि निष्ठावान आहे, क्लबात जाणारा आहे, हे त्यांनी हेरले होते. शेरने आढेवेढे घेतले. नाचाच्या संगीतात आता खरी गाणी उरलेली नाहीत, असा तिचा आक्षेप होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. त्या काळचे क्लब संगीत बरेचसे एकच ओळ घोळवणारे होते.

‘बिलीव्ह’चा पहिला कच्चा खर्डा ब्रायन हिगिन्स या तरुण संगीतकाराकडून आला. त्याचे धृपद डिकिन्स यांना आवडले, कडवी मात्र पसंत पडली नाहीत. मग गाणे ‘मेट्रो’ या निर्मितीसंस्थेकडे गेले. तिथल्या लोकांनी कडवी नव्याने बांधली. त्यामुळे गाण्यावर तब्बल सहा गीतकारांची नावे लागली. इतक्या हातांतून गेलेले गाणे बहुधा बेचव होते. इथे तसे झाले नाही, कारण धृपदाची चाल पहिल्यापासून भक्कम होती. सूर मोठ्या सप्तकाचे म्हणजे प्रसन्न वळणाचे, पट्टी आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन, आणि शब्द मात्र सोडून गेलेल्या माणसाविषयीचे. नाचाच्या उत्तम गाण्यांचा हा जुना गुण आहे. डिस्कोची कित्येक अविस्मरणीय गाणी प्रेमभंगाची आहेत. ठेका ‘चल’ म्हणत असतो आणि शब्द ‘कसे जगू’ विचारत असतात. ऐकणारा या दोन्हींच्या मधे सापडतो आणि नाचू लागतो.

मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग हे निर्माते लंडन परिसरातल्या त्यांच्या छोट्या स्टुडिओत गाणे घडवत होते. कडव्यांवर अडले. शेरला ती सपाट वाटत होती, टेलरला तिच्याकडून आणखी काही हवे होते आणि त्यावरून दोघांत खटकेही उडाले. रोचफोर्ड या ब्रिटिश गायकाच्या गाण्यात आवाजाला यांत्रिक पोत दिलेला होता. तसे काही करता येईल का, अशी चर्चा निघाली. टेलर एकटाच बसून प्रयोग करू लागला. त्याने हात घातला तो जेमतेम वर्षभरापूर्वी बाजारात आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ या संगणकी प्रणालीला.

तेलाच्या शोधातून आलेला सूर

ऑटो-ट्यूनचा जनक अँडी हिल्डब्रँड हा विद्युत अभियंता. ‘एक्सॉन’ या तेल कंपनीत त्याचे काम होते भूगर्भलहरींचा अर्थ लावण्याचे. जमिनीत कंपने सोडायची, खडकांवर आपटून परतणाऱ्या लहरी नोंदवायच्या आणि गणिताने ताडायचे की खाली तेल कुठे आहे. लहरीत एकच नमुना पुन्हा पुन्हा कधी येतो, हे शोधणारी गणिती पद्धत त्याच्या हातची होती. तो बासरी वाजवत असे आणि पुढे त्याने संगीतरचनेचाही अभ्यास केला. एकदा जेवणाच्या टेबलावर एका परिचित बाईने थट्टेत विचारले, मला सुरात गायला लावेल असे यंत्र का करत नाहीस? थट्टेतून काम निघाले. स्वर म्हणजे तरी काय, ठरावीक वेगाने परतपरत येणारी लहरच. ती मोजता आली तर सरकवताही येते. 1997मध्ये ‘अँटारेस’ या त्याच्या कंपनीने ऑटो-ट्यून विक्रीला काढले.

त्याचा हेतू साधा होता. गायक किंचित बेसूर झाला तर स्वर अलगद जागेवर आणायचा, आणि तो आणलाय हे कोणाला कळू द्यायचे नाही. त्यासाठी प्रणालीत एक मापक आहे. स्वर किती वेळात दुरुस्त करायचा, ते त्यावर ठरते. सावकाश केला तर दुरुस्ती नैसर्गिक वाटते. टेलरने हा वेळ शून्यावर आणला. आता स्वर सरकण्याआधीच जवळच्या पट्टीवर ओढला जाऊ लागला.

याने काय होते ते मराठी श्रोत्याला पेटीवरून चटकन कळेल. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो तो मधला सगळा उतार तुडवत. पेटीला ते जमत नाही. एक पट्टी सुटते, दुसरी दाबली जाते, मधले काही वाजत नाही. मींड येत नाही याच कारणाने अभिजात संगीतातल्या अनेकांनी पेटीला नाके मुरडली आणि ऑल इंडिया रेडिओने 1940पासून कित्येक वर्षे तिला दूर ठेवले. शून्यावर ठेवलेले ऑटो-ट्यून माणसाच्या गळ्याची पेटी करते. शेरचा भरदार स्वर घसरत येतो आणि एकाएकी पायरीवरून उडी मारतो. गाणे सुरू होऊन अर्धे मिनिट झाले की पहिल्या कडव्यात हे नीट ऐकू येते. एक शब्द मधेच तुटतो, काचेच्या आत अडकल्यासारखा होतो आणि पुन्हा मोकळा होतो.

इथे निर्मात्यांचे तारतम्य दिसते. हा परिणाम त्यांनी मुख्यतः कडव्यांत वापरला. धृपद आले की शेरचा मूळ, दणदणीत आवाज जवळजवळ तसाच ठेवला. कडव्यात खचलेली बाई यंत्रासारखी बोलते आणि धृपदात ती माणूस होऊन उभी राहते. कोणी ठरवून केले असो वा नसो, गाण्याचा अर्थ या तंत्राने ऐकवला.

टेलर धास्तावला होता. एवढ्या मोठ्या गायिकेच्या आवाजाची ही गत करून तिलाच ऐकवायची, म्हणजे धाडसच. पण शेरला ते ऐकताक्षणीच आवडले. कंपनीतल्या मंडळींनी तो परिणाम काढायला सांगितले, तेव्हा ती अडून बसली. गंमत म्हणजे गाणे गाजल्यावर टेलरने युक्ती लपवली. 1999मध्ये ध्वनिमुद्रण क्षेत्रातल्या एका ब्रिटिश मासिकाला मुलाखत देताना त्याने हा परिणाम व्होकोडर जातीच्या, म्हणजे आवाजाला यांत्रिक रूप देणाऱ्या, भलत्याच यंत्राचा असल्याचे सांगितले. खरे कळले तेव्हा इतर निर्माते त्याला ‘शेर इफेक्ट’ म्हणू लागले होते. पुढे टी-पेनसारख्या गायकांनी त्यावर कारकीर्द उभारली आणि कान्ये वेस्टने 2008मध्ये अख्खा अल्बम त्यात बुडवला. आज जगभरच्या स्टुडिओंत ही प्रणाली वापरली जाते. बेसूर झाकायला आणलेले साधन उघडपणे वाद्य म्हणून वापरता येते, हे मोठ्या श्रोतृवर्गाला पहिल्यांदा दाखवले ते शेरच्या गाण्याने.

वळण घेतलेले इतर

शेर काही एकटी नव्हती. संथ गाण्यांसाठी माहीत असलेल्या बी जीज बंधूंनी 1975पासून मायामीत डिस्कोची वाट धरली होती आणि दोन वर्षांनी ‘सॅटर्डे नाइट फीवर’ने त्यांना कळसाला नेले. ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या शांत गाणाऱ्या ब्रिटिश जोडीचे ‘मिसिंग’ 1994मध्ये फारसे चालले नव्हते. न्यू यॉर्कच्या टॉड टेरीने त्याच गायनाखाली हाउसचा ठेका बसवला आणि पुढे अमेरिकेच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. 1998मध्येच मडोनाने विल्यम ऑर्बिटच्या साथीने ‘रे ऑफ लाइट’ काढला. 2020च्या मार्चमध्ये, जगभरचे क्लब बंद होत असताना, दुआ लिपाचा ‘फ्यूचर नॉस्टॅल्जिया’ आला आणि लोक घरातच त्यावर नाचले.

या यशांच्या मागे मोठा कचराही आहे. लाट आली म्हणून ठेका चिकटवलेली असंख्य गाणी लोक विसरून गेले. शेरचा 1979चा दुसरा अल्बम त्यातलाच. फरक कुठे पडतो? ‘मिसिंग’च्या उदाहरणात उत्तर उघडे आहे. तिथे गायिकेने एक अक्षरही पुन्हा गायले नव्हते. उदासी पूर्वीइतकीच राहिली, खालची जमीन तेवढी बदलली. ज्या गाण्यात मुळात सांगण्यासारखे काही असते, त्याला ठेका पंख देतो. ज्यात नसते, त्याचा पोकळपणा ठेक्याने आणखी घुमतो.

‘बिलीव्ह’ला 2000 साली सर्वोत्तम नृत्यध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी मिळाले. अमेरिकेच्या यादीत अव्वल येणारी सर्वांत वयस्क स्त्री हा विक्रम कित्येक वर्षे शेरच्या नावावर होता. डिसेंबर 2023मध्ये 78 वर्षांच्या ब्रेंडा लीने 1958मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या एका नाताळगीताच्या जोरावर तो आपल्या नावावर केला. शेरने ही वाट पुढेही सोडली नाही. 2018मध्ये तिने मार्क टेलरबरोबरच आब्बाच्या गाण्यांचा अल्बम केला.

त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये तिचा सन्मान झाला. तिच्यासमोर गायक अ‍ॅडम लँबर्टने ‘बिलीव्ह’ गायले, पण वेगळ्या तऱ्हेने. मोठ्या ड्रमचा ठोका नाही, यांत्रिक आवाज नाही, लय अगदी विलंबित. नाचाचे गाणे म्हणून वीस वर्षे वाजलेल्या रचनेतून सरळ विरहगीत बाहेर आले आणि प्रेक्षकांत बसलेल्या शेरचे डोळे भरून आले. नाचाच्या संगीतात खरी गाणी उरली नाहीत, या तिच्या जुन्या आक्षेपाला तिच्याच गाण्याने दिलेले हे उत्तर होते.

एखाद्या आवडत्या गायकाने नाचाचे गाणे केले की ‘घसरला’ म्हणण्याची घाई आपण करतो. त्याआधी हीच कसोटी लावून पाहावी. ठेका मनातल्या मनात काढून टाका आणि चाल संथपणे गुणगुणा. गाणे उरले तर गायकाने वाट बदलली, एवढाच त्याचा अर्थ. नाही उरले, तर दोष ठेक्याचा नाही, गाण्याचा आहे.